जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्या बाईंची ओळख आम्ही करून देणार आहोत त्यांना कुणी संतपद दिलेले नाही, आणि त्या आपल्या कॅथलिक सभेच्याही नव्हत्या. त्या प्रॉटेस्टंट घरात जन्मल्या आणि ख्रिस्तावरील श्रद्धेनेच त्यांनी आपले काम केले. तरीही त्यांचे चरित्र आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात, विशेषतः आयाबहिणींनी, वाचावे असे आम्हांला वाटते. त्यांचे नाव डॉ. मेबल आरोळे.

आपल्या न्हावा-शेवा परिसरात आशाताई घरोघरी येतात. गरोदर बाईची नोंद करतात, बाळाच्या डोसाची तारीख लक्षात आणून देतात, कुणाला खोकला फार दिवस आहे का ते विचारतात. आपल्याला त्याचे काही विशेष वाटत नाही. सरकारची ही आशा योजना २००५ साली सुरू झाली. गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवायचे आणि तिच्याच हाती गावाच्या आरोग्याचे पहिले काम सोपवायचे, हा विचार मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. ही योजना आखताना ज्या जुन्या प्रयोगांकडे पाहिले गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातील जामखेडचा प्रयोग ठळक होता. तो डॉ. मेबल आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली सुरू केला.

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, जबलपूर येथे झाला. वडील तिथल्या लिओनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नवा करार आणि ग्रीक भाषा शिकवीत. घरात पुस्तके होती, प्रार्थना होती, शिस्त होती. मुलगी हुशार निघाली आणि डॉक्टर होण्यासाठी दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेली. तिथून १९५९ साली त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

वेल्लोरविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्या कॉलेजाचा पायाच बाळंतिणींच्या मरणावर घातलेला आहे. आयडा स्कडर नावाची एक अमेरिकन मिशनरी कुटुंबातली तरुण मुलगी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आईवडिलांना भेटायला तमिळ प्रदेशात आली होती. एका रात्रीत तीन वेगवेगळ्या घरांतील पुरुष मदत मागायला आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने आपल्या बायकोला हात लावणे त्या तिघांनाही मान्य नव्हते आणि आयडाला तर वैद्यकातले काहीच येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. मिशनरी व्हायचे नाही असे ठरवून आलेली ही मुलगी अमेरिकेला परत जाऊन डॉक्टर झाली, पुन्हा आली, आणि १९१८ साली तिने वेल्लोरला मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मेबल त्या संस्थेतून डॉक्टर झाल्या तेव्हा वृद्ध आयडा स्कडर हयात होत्या. त्या १९६० साली वारल्या.

येथे आपल्या सभेचीही एक गोष्ट सांगून टाकू. कॅथलिक धर्मभगिनींना बाळंतपणे करण्याची उघड परवानगी रोमहून १९३६ सालीच मिळाली. तोपर्यंत व्रतस्थ भगिनींनी हे काम करणे योग्य मानले जात नव्हते. ही बंदी उठावी म्हणून डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन आणि त्यांच्यानंतर डॉ. अ‍ॅना डेंगल या स्त्रियांनी कितीतरी वर्षे खटपट केली, आणि त्या दोघींच्याही डोळ्यांसमोर हिंदुस्थानातल्या पडद्याआड मरणाऱ्या आया होत्या. तेव्हा या क्षेत्रात आपली प्रॉटेस्टंट भावंडे आपल्याआधी पोहोचली होती हे मोकळ्या मनाने मान्य करायला हरकत नाही.

वेल्लोरलाच मेबल यांची रजनीकांत आरोळे यांच्याशी ओळख झाली. रजनीकांत हे नगर जिल्ह्यातील राहुरीचे, शिक्षक आईबापांचे चिरंजीव. खेड्यातले दारिद्र्य त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. १९६० साली दोघांचे लग्न झाले. लग्नाच्या दिवशी दोघांनी देवापुढे एक वचन घेतले, की आपले वैद्यकीय ज्ञान आपण खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी वापरायचे. लग्नाच्या दिवशी माणसे पुष्कळ वचने देतात. या दोघांनी हे पाळले.

१९६२ ते १९६६ ही चार वर्षे त्यांनी नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन दवाखान्यात काढली. मराठी ही मेबल यांची मातृभाषा नव्हे, पण बायकांची दुखणी समजून घ्यायची तर त्यांच्या भाषेवाचून गत्यंतर नव्हते. दवाखान्यात रांगा लागत. ऑपरेशने होत, बाळंतपणे होत, मुले बरी होऊन घरी जात. आणि थोड्या दिवसांनी तीच मुले त्याच दुखण्याने परत येत. हगवण थांबवून घरी पाठवलेले मूल पुन्हा तेच पाणी पीत होते. अडलेली बाई दवाखान्यात पोहोचे तेव्हा दोन-दोन दिवस घरी कळा देऊन अर्धमेली झालेली असे. हळूहळू या जोडप्याच्या ध्यानात आले, की आपल्यासमोर येणारी बहुतेक दुखणी मुळात होऊच नयेत अशी आहेत. आणि जी माणसे सर्वांत जास्त आजारी आहेत ती दवाखान्याच्या दारापर्यंत येतच नाहीत.

चांगला चाललेला दवाखाना सोडणे सोपे नसते. तिथे लोक हात जोडतात, देवमाणूस म्हणतात. तरीही ते दोघे १९६६ साली शिकण्यासाठी अमेरिकेला गेले. क्लीव्हलंड येथे रुग्णालयात काम करून पुढचे शिक्षण घेतले आणि नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर हे गुरू लाभले. तेही मिशनरी आईबापांचे, हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेले. अमेरिकेत राहून उत्तम पैसा मिळवता आला असता. तिथे गेलेले आपले किती डॉक्टर परत आले ते आपण जाणतोच. हे दोघे मात्र १९७० साली परतले ते एक आराखडा हातात घेऊनच.

जामखेड हे नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, अगदी टोकाला आहे. पलीकडे बीड आणि धाराशिवची हद्द लागते. बालाघाटच्या डोंगररांगा, पाऊस कमी, जमीन हलकी. कामासाठी माणसे वर्षातले कित्येक महिने ऊसतोडीला बाहेर जात. आरोळे दांपत्याची अट एवढीच होती की गावकऱ्यांनी आपल्याला बोलावले पाहिजे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि राहायला-काम करायला एक जागाही दिली. ती होती गुरांचा जुना, ओस पडलेला दवाखाना. आपल्या प्रभूचा जन्म गोठ्यात झाला हे मानणाऱ्या माणसांना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

सुरुवातीला आठ गावे घेतली. गावात जाऊन हे दोघे आरोग्याविषयी बोलू लागले तेव्हा लोकांनी त्यांना सरळ सांगितले, की आम्हांला आधी पाणी आणि अन्न हवे आहे. लोकांचे म्हणणे खरे होते. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. तेव्हा जामखेडच्या गावांत लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्यात आली. गावातल्या तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली आणि लाकूड, पाणी, भांडी हा भार गावाने उचलला. विंधन विहिरी खणायच्या ठरल्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील अशा जागा मुद्दाम पाहिल्या गेल्या. आजवर ज्यांना गावच्या विहिरीला शिवू दिले जात नव्हते त्यांच्या दारात पाणी लागले, आणि पाणी हवे तर वरच्या आळीच्या बायकांना तिथे यावे लागले. जातीभेदाविरुद्ध प्रवचने पुष्कळ झाली आहेत. आम्हांला हा हातपंप अधिक परिणामकारक वाटतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. प्रत्येक गावात आरोग्याचे काम कोणी करायचे? पहिला विचार असा होता की शिकलेल्या परिचारिका गावात ठेवाव्यात. त्या मुली शहरातून किंवा मोठ्या गावातून आलेल्या, बहुतेक तरुण. अनोळखी गावात एकटीने राहायची त्यांना भीती वाटे. आणि गावच्या बायका त्यांचे ऐकत नसत. जिला स्वतःला मूल नाही तिने चार लेकरांच्या आईला दूध कसे पाजायचे ते शिकवावे, हे त्यांना पटेना. प्रयोग फसला. तेव्हा गावच्या मंडळींतूनच सूचना आली, की बाहेरची बाई आणण्यापेक्षा आमच्यातलीच एखादी शिकवून तयार करा.

ही सूचना डॉ. मेबल यांनी उचलून धरली. गावाने एक बाई निवडायची. ती लग्न झालेली, मुलेबाळे असलेली, लोकांशी मिळून वागणारी हवी. लिहिता-वाचता आलेच पाहिजे अशी अट नाही. तशी अट घातली असती तर त्या काळी या गावांत एकही बाई मिळाली नसती. ज्या बाया आल्या त्यांतल्या कितीतरी दलित होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. कित्येकींचे लग्न कोवळ्या वयात झालेले आणि पोटची मुले डोळ्यांसमोर गेलेली. काही ब्राह्मण, मराठा घरांतल्याही होत्या.

या बाया दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करीत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवायचे आणि एकाच खोलीत झोपायचे. सुरुवातीला हे फार जड गेले. कुणी आपली भाकरी घरून बांधून आणी, कुणी कोपरा धरून बसे. त्यावर डॉ. मेबल यांनी जातीवर व्याख्यान दिले नाही. बरोबर राहण्याची सवय होऊ दिली.

शिकवण्याची सुरुवात औषधांपासून झाली नाही. ती नावापासून झाली. यांतल्या पुष्कळ बायकांना चारचौघांत आपले नाव मोठ्याने सांगता येत नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची ओळख. चार लोकांत तोंड उघडायचे नाही असेच लहानपणापासून शिकवलेले. डॉ. मेबल त्यांना एकेकीला उभे करून स्वतःचे नाव आणि गावाचे नाव सांगायला लावीत. पुन्हा पुन्हा, आवाज मोकळा होईपर्यंत. वैद्यकीय शिक्षणात हा धडा कोणत्याही पुस्तकात नाही. मात्र जी बाई स्वतःला कवडीमोल समजते ती दुसरीला धीर कसा देणार, हे त्यांनी ओळखले होते. देवाने आपल्या प्रतिरूपात माणूस घडवला हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. जामखेडच्या त्या खोलीत, हिंदू, मुसलमान, बौद्ध बायकांच्या मेळाव्यात, बायबल न उघडता त्याचाच पाठ चालला होता असे आम्हांला वाटते. धर्मांतर हा त्या कामाचा हेतू कधीच नव्हता.

मग खरे शिक्षण सुरू होई. आठवड्याला एखादाच विषय, कारण वहीत लिहून घ्यायची सोय नाही, सगळे डोक्यात ठेवायचे. चित्रे दाखवली जात, गाणी रचली जात. परत गेल्यावर तोच विषय गावात दहा घरी सांगायचा आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय झाले ते मांडायचे. कुणी ऐकले, कुणी हसले, कुणी दार लावले. एकीचा अनुभव दुसरीला उपयोगी पडे, आणि डॉ. मेबल स्वतःही त्यातून शिकत. डोंगरातल्या वाडीवर बाळंतिणीला काय खायला देतात आणि काय देत नाहीत हे त्यांना वेल्लोरला किंवा अमेरिकेला कोण सांगणार होते?

त्या समजुती आपल्याही आज्यांना ठाऊक होत्या. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, अशी एक. प्रत्यक्षात त्यामुळे आई अशक्त आणि मूल कमी वजनाचे होते. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा, ही दुसरी. त्या चिकातच बाळाला रोगांपासून वाचवणारी शक्ती असते. नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या वस्तूने कापायची आणि वर शेण किंवा राख लावायची, ही तिसरी आणि सर्वांत घातक. त्यातून धनुर्वात होऊन आठवड्याच्या आत बाळ जाई, आणि लोक म्हणत की बाहेरची बाधा झाली. जामखेडच्या बायका हात साबणाने धुऊन, उकळलेला दोरा आणि नवे पाते वापरून बाळंतपण करायला शिकल्या. तेवढ्यानेच किती बाळे जगली असतील.

जुलाब लागलेल्या मुलाला पाणी द्यायचे नाही, ही आणखी एक समजूत. मूल जुलाबाने मरत नाही, अंगातले पाणी गेल्याने मरते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहायचे. हे प्रमाण लक्षात ठेवायला अक्षरओळख लागत नाही. त्या बाया मुलांचे वजन करीत, हिरव्या पालेभाज्या आणि शेवग्याचा पाला मुलाच्या तोंडी घालायला सांगत, लशी टोचून घ्यायला घरोघर हिंडत. क्षयाचा रोगी अर्ध्यावर औषध सोडणार नाही हे पाहत. कुष्ठरोगाचा चट्टा ओळखत आणि त्या माणसाला घराबाहेर काढू देत नसत. आणि आपल्या हातातले काम कुठे संपते हेही शिकत. पाय सुजले, झटके आले, रक्त जाऊ लागले, मूल आडवे असले, की क्षणभर न थांबता जामखेडच्या दवाखान्यात न्यायचे. तिथे त्या बाईच्या निदानाला डॉक्टरांनी मान द्यायचा, असा आरोळे दांपत्याचा दंडक होता.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे कुणी समजू नये. वरच्या जातीच्या घरांत दलित सेविकेला उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलावे लागे. घरी नवरा आणि सासू यांचा विरोध असे. डॉक्टरांचा विरोध तर वेगळाच होता. निरक्षर बाईच्या हाती औषधे आणि बाळंतपणे देणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, असे शिकलेल्या लोकांना वाटे. त्यात तथ्यच नव्हते असे म्हणता येणार नाही. चुकीचे औषध जीव घेऊ शकते, आणि म्हणूनच शिक्षण एकदा देऊन संपवले नाही, दर आठवड्याला वर्षानुवर्षे चालू ठेवले. पण दुसरा पर्याय काय होता? डॉक्टर त्या वाड्यांवर जात नव्हते. तिथे बाळंतपणे अशीही घरातच, जुन्या रीतीने होत होती.

आम्हांला डॉ. मेबल यांचा मोठेपणा येथे दिसतो. डॉक्टरची प्रतिष्ठा त्याला जे येते ते इतरांना येत नाही यावर उभी असते. ती प्रतिष्ठा त्यांनी वाटून टाकली. आजारी माणसाची सेवा आपल्या हातून व्हावी असे प्रत्येक भाविक डॉक्टरला वाटते. आपल्याला न बोलावताच तो बरा व्हावा असे वाटायला वेगळी तयारी लागते.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. जामखेडच्या कामात कुटुंबनियोजनालाही मोठे स्थान होते, आणि त्यातल्या काही मार्गांबाबत आपल्या सभेची शिकवण वेगळी आहे. ते लपवण्याचे कारण नाही. मूल जगेल याची खात्री पटल्यावरच आईबाप कमी मुलांवर समाधान मानतात, हे मात्र तिथे दिसून आले, आणि ते आपणही विचारात घेण्यासारखे आहे.

१९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिल्या वाढदिवसाच्या आत मरत. म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला आणि १९९६ पर्यंत २६ वर. आठ गावांचे काम वाढत शेकडो गावांपर्यंत गेले. गावोगाव महिला विकास मंडळे झाली. बायका शेळ्यांसाठी कर्ज घेऊ लागल्या, दारूच्या गुत्त्यांना विरोध करू लागल्या.

जगानेही दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी स्वतः चालवलेल्या आरोग्यकार्याविषयी एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचा लेख होता. १९७८ साली सोव्हिएत संघातील अल्मा आटा येथे अनेक राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला, त्यामागच्या विचारात जामखेडसारख्या कामांचा वाटा होता. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका अमेरिकेत वॉशिंग्टन येथील परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून ती म्हणाली की हे दिवे सुंदर आहेत, पण महाग आणि उंचावर आहेत. आपण आरोग्यसेविका म्हणजे साध्या पणत्या, आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते. जिला एके काळी स्वतःचे नाव सांगायची चोरी होती, त्या बायकांपैकीच ही एक.

आपण समुद्रकाठची माणसे. आपल्याला वाटेल की डोंगरातल्या वाड्यांचा आपल्याशी काय संबंध? पण आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बंदर येण्यापूर्वी अडलेल्या बाईला मुंबईला न्यायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि ओहोटी असली तर तीही नाही. आपले बंदर १९८९ साली सुरू झाले, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये, आणि आता मुंबई थोड्या मिनिटांवर आली. आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जत, खालापूर, पेणच्या डोंगरांवर ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या अशा वाड्या आहेत जिथून आजही आजाऱ्याला झोळी करून खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा मदत करणाऱ्यांना तिथवर पायी चढून जावे लागले, हे आपण टीव्हीवर पाहिले. पवित्र मरिया गरोदर असताना डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथकडे घाईने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. आम्ही रोझरीच्या आनंदाच्या रहस्यांत ते म्हणतो. एका बाळंतिणीकडे दुसरी बाई मदतीला चालत गेली, इतकी साधी ती घटना आहे.

पुढच्या काळात डॉ. मेबल युनिसेफतर्फे दक्षिण आशियातल्या देशांसाठी काम करू लागल्या. जामखेडमध्ये जे शिकल्या ते त्यांनी स्त्रिया आणि मुलांच्या आरोग्याच्या प्रश्नांवर इतर देशांत नेले. १९९४ साली दोघांनी मिळून जामखेडच्या कामावर एक पुस्तक लिहिले. त्यात स्वतःपेक्षा गावच्या बायकांचीच नावे जास्त आहेत.

सप्टेंबर १९९९ मध्ये डॉ. मेबल आरोळे वारल्या. वय ६३. डॉ. रजनीकांत यांनी त्यांच्यामागे जवळजवळ १२ वर्षे काम चालवले आणि मे २०११ मध्ये तेही गेले. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढे धुरा घेतली. जामखेडला देशोदेशीचे डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थी शिकायला येऊ लागले होते, तो ओघ डॉ. मेबल यांच्यानंतरही थांबला नाही. त्यांना शिकवणाऱ्यांत डॉ. मेबल यांच्या हाताखाली तयार झालेल्या, पुढे पांढऱ्या केसांच्या झालेल्या त्या गावच्या बायकाही होत्या. दुभाष्या शेजारी बसवून त्या मराठीतच वर्ग घेत, आणि सुरुवातीला आपले नाव आणि गाव सांगत.